कागदोपत्री माझी आठ बोटं

हिराजी,

तुला शेवटचं दवाखान्यात नेलं, तेव्हा खिडकीवरच्या मुलीने विचारलं, "पेशंटचं नाव?" आणि मी गप्पच झालो. सुमनवहिनी माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. तुझं नाव मला आठवत नव्हतं असं नाही. पण त्याच दवाखान्यात, त्याच खिडकीवर, पंधरा-सोळा वर्षांपूर्वी तू माझ्या नावाने दाखल झाला होतास. पुन्हा घोळ नको, म्हणून जिभेवर आलेलं नाव मी आधी तपासून घेत होतो. वहिनींच्या ते ध्यानात आलं. तुला तिकडे धाप लागलेली, आणि इकडे त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. खिडकीवरच्या मुलीला वाटलं पेशंटची बायको रडतेय. तिने घाईघाईने केसपेपर करून दिला.

चार दिवसांनी तू गेलास. परवा तेरावं झालं. वालाचं बिरडं तुझ्या आवडीचं म्हणून केलं होतं आणि मीठ कमी पडलं होतं, तू असतास तर बोलला असतास. मंडळी जेवून ओटीवर बसली आणि तुझं कौतुक सुरू झालं. हिराजी म्हणजे गरीब गाय, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मी मान हलवत होतो, पण मनात म्हटलं, हे खरं कसं मानायचं? माझ्या तर तू अख्ख्या नावात शिरून बसला होतास.

तुझे सगळे अर्ज मीच लिहिले, त्यामुळे हात सवयीने कागदाकडे गेला. या खेपेला मजकूर सांगायला तू समोर बसलेला नाहीस. त्यामुळे मधे मधे "हे काढ, हे लई झालं" असं म्हणणारं कोणी नाही, आणि मी मोकाट सुटलोय.

तुला सगळं माहीत आहे, तरी मुळापासून सांगतो, कारण तेराव्याला तुझ्या धाकट्या जावयाने मला विचारलं की बाबांची बोटं नक्की कशी गेली. त्याला कोणीतरी सांगितलंय की तुझी बोटं खाडीतल्या चिंबोरीने नांगीत धरून तोडली. बघ, खोटं किती चिवट असतं.

आपण दोघे ठेकेदाराच्या गँगमध्ये. पेणच्या पलीकडे खाडीच्या कडेकडेने जाणारी मालगाड्यांची लाइन. खडी ठोकायची, स्लीपर बदलायचे, रूळ उचलायचा, रूळ ठेवायचा. गोमा मुकादम सकाळी डोकी मोजायचा. ठेकेदाराने सांगितलेली डोकी भरली, की तो झाडाखाली जाऊन तंबाखू मळायला मोकळा. नावं तो संध्याकाळी पटावर यादीप्रमाणे भरायचा. आणि आपण पडलो भातशेतीवाले. लावणीला आपल्याकडे सावड असते, आज तू माझ्या खाचरात, उद्या मी तुझ्या. तिथे दिवस कोणाच्या नावावर लागला हे कोणी विचारत नाही, चिखलात किती माणसं वाकली तेवढंच बघतात. तीच रीत आपण सरळ रुळावर नेऊन ठेवली. माझ्या घरी काही निघालं, की तुझ्या सुट्टीच्या दिवशी तू माझ्या जागी उभा राहायचास, तुझं निघालं की मी. पटावर ज्याचं नाव त्याचंच लागायचं. यात काही वावगं आहे असं आपल्या बारा जणांत एकालाही कधी वाटलं नाही. गोमा मुकादम तर म्हणायचा की रुळाला माणसाचं नाव कळत नाही, वजन कळतं.

त्या दिवशी मी तुला सांगितलं की तळा गावी, शेवंतीच्या माहेरी, सासूबाई आजारी आहेत, बघायला जायचंय. तू म्हणालास, "जा. सासूपरास रूळ मोठा न्हाय." शेवंतीला मी सांगितलं की कामावर जातोय. आणि गेलो रोह्याच्या बाजूला, कबड्डीच्या सामन्याला. शेवंती मला खेळू देत नव्हती, गुडघा कामातून गेला होता म्हणून. तुला का खोटं सांगितलं ते मला आजही धड सांगता येत नाही. कबड्डी म्हटलं असतं तरी तू गेलाच असतास. पण माझं तेव्हा तिशीचं वय होतं, संघात मी सगळ्यात म्हातारा होतो, आणि तू चिडवशील याची भीती सासूच्या आजारपणापेक्षा मोठी होती.

सकाळी अकराच्या सुमाराला पहार सटकली आणि उचललेला रूळ खाली आला. तुझ्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट त्याच्याखाली. हे मला नंतर इतरांनी सांगितलं. तू ओरडला नाहीस, नुसता खाली बसलास आणि म्हणालास, उचला, असं त्यांनी सांगितलं. मी ते पाहिलेलं नाही, तरी इतक्या वेळा पाहिलंय की आता मीच तिथे होतो असं वाटतं.

गोमा मुकादम घाबरला. दवाखान्याच्या खिडकीवर त्याने पटाला धरून नाव दिलं, माझं. वर माझ्या घरी निरोप धाडला की कमळाकरची बोटं गेली. शेवंती आळीतल्या चार बायका घेऊन, रिक्षात रडत रडत दवाखान्यात आली, तर कॉटवर तू. तिला आधी काही कळेना. मग तू गुंगीत डोळे उघडलेस आणि मोठ्या मायेने विचारलंस, "वहिनी, आईला बरं हाय का?"

ती म्हणाली, "माझ्या आईला काय झालं?"

माझी दोन्ही खोटी अशी तुझ्या उशाशी येऊन भेटली. शेवंती आधी बोटांसाठी रडत होती, मग आईसाठी रडली, आणि मग रडायची थांबली. ती थांबली ते जास्त वाईट होतं, हे मला घरी गेल्यावर समजलं.

मी संध्याकाळी दवाखान्यात पोचलो. सामना हरलो होतो, अंगाला माती होती. तू पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला हात छातीवर धरून पडला होतास. नर्सबाई आल्या, म्हणाल्या, "कमळाकर, इंजेक्शन," आणि मी सवयीने "ओ" म्हणून बाही वर केली. तू इतका हसलास की टाका उसवेल म्हणून त्या रागावल्या. मग हसता हसता तुझा चेहरा बदलला आणि तू भिंतीकडे वळलास. त्या वेळी मला रडू यायला हवं होतं. मला फक्त तिथून पळून जावंसं वाटलं, हे आज लिहून टाकतो.

आठ दिवस तू कमळाकर होतास. सगळे कागद माझ्या नावाचे झाले. त्यामुळे कागदोपत्री माझी आठ बोटं, आणि तुझी दहाच्या दहा शाबूत. भरपाई मागायला गेलो, तेव्हा ठेकेदाराने लेखी उत्तर दिलं की हिराजीला त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती, कमळाकर कामावर होता, कमळाकरची बोटं जागच्या जागी आहेत, सबब अपघात झालाच नाही. हिराजी सुट्टीच्या दिवशी खाडीत चिंबोऱ्या धरायला जातो हे सर्वश्रुत असून त्याने इजा तिथेच करून घेतली असावी. ते उत्तर मी तुला वाचून दाखवलं. तू म्हणालास, "लिवतो मातर झ्याक."

मग गोमा मुकादमाच्या डोक्यातून ती योजना निघाली. कागद माझ्या नावाचे आहेत ना, मग भरपाई मीच मागायची आणि मिळाली की तुला द्यायची. अडचण एकच, माझी बोटं. ती फडक्यात बांधायची, वर्षभर कोणाला दाखवायची नाहीत. मी दोन दिवस घरात सराव केला. बांधलेल्या हाताने चहा प्यायलो, बांधलेल्या हाताने लुंगी नेसलो. मी डावरा, माझा कामाचा हात तोच, त्यामुळे दुसऱ्या दिवशी नकळत डावाच हात बांधून ओटीवर आलो. तू आलास, खाली बसलास, माझा हात बघितलास, मग स्वतःचा बघितलास, आणि हळूच म्हणालास, "कमळ्या, माझी उजव्याची गेली." तिथेच ती योजना संपली. पुढे तुझ्या दाव्यासाठी वकीलबाई गाठल्या, त्यांच्या कानावर हे गेलं, तेव्हा त्यांनी आपल्याला उभं करून झापलं. बोटं एकाची गेली आहेत, तुरुंगात दोघे जाल, असं म्हणाल्या.

त्यांनीच मग तो बोटांचा तक्ता दाखवला. कायद्यात प्रत्येक बोटाला वेगळा भाव आहे. तर्जनीला जास्त, मधल्याला जरा कमी, आणि अंगठी घालायच्या बोटाला आणि करंगळीला सगळ्यांत कमी. तुला त्याचं फार लागलं. ज्या बोटात बायकोने अंगठी घातली त्याला काहीच मान नाही, आणि ज्याने लोकांवर बोट दाखवायचं त्याला सगळ्यांत जास्त, हा कोणता न्याय, असं तू वकीलबाईंना विचारलंस. त्या म्हणाल्या की कायदा असाच आहे. तू उठता उठता म्हणालास, "बरं. पुढच्या बारीला नीट बघून हात घालीन." त्या बाई तोवर कधी हसल्या नव्हत्या.

पण त्यांनी एक गोष्ट स्वच्छ सांगितली. हा दावा एकाच माणसाच्या तोंडावर उभा राहील किंवा पडेल, आणि तो माणूस मी. मी कोर्टात उभा राहून सांगायचं, की पटावर माझं नाव आहे पण मी तिथे नव्हतो, माझ्या जागी हिराजी होता. गँगमधले बाकीचे दहा जण ठेकेदाराच्या धाकाने तोंड उघडणार नव्हते. मी उघडलं तर माझं काम जाणार हे नक्की. ठेकेदाराने गोमा मुकादमाबरोबर निरोपही दिला होता की कमळाकर गप्प राहिला, तर पुढचा मुकादम तोच. माझी दोन पोरं लहान. तुझीही तिघं लहानच होती, आणि तुला दोन बोटांविना कोणी पहार धरू देत नव्हतं. सुमनवहिनी दुसऱ्यांच्या वाफ्यात कांदे काढायला जायला लागल्या होत्या. मला हे सगळं दिसत होतं. रस्त्यात तू भेटलास की मी पाऊसपाण्याचं बोलायचो.

पहिल्या तारखेला मी आलो नाही. ताप आला म्हणून निरोप पाठवला. ते शेवटी सांगतो. आधी दुसरी तारीख, कारण ती सांगायला सोपी आहे.

दुसऱ्या तारखेला मी शपथ घेतली आणि म्हणालो की मी त्या दिवशी कामावर नव्हतो. ठेकेदाराचा वकील मुंबईचा, गुळगुळीत दाढीचा. त्याने विचारलं की मग कुठे होता? मी म्हणालो, कबड्डी खेळत होतो. तो म्हणाला, पुरावा काय? वकीलबाईंनी सामन्याचं गुणपत्रक काढलं. रोह्याकडच्या मंडळाच्या चिटणिसाने ते जपून ठेवलं होतं, त्याचं भलं होवो. त्या वकिलाने ते हातात घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. खेळाडू कमळाकर, चढाया अकरा, गुण एक.

गावात मी तोवर सांगत आलो होतो की त्या सामन्यात मी एका चढाईत तिघांना बाद केलं.

वकील म्हणाला, "तुम्ही कबड्डी खेळता असं या कागदावरून तर वाटत नाही." मी शपथेवर होतो, तरी मला राहवलं नाही, मी म्हणालो की पंच त्यांच्या गावचा होता. न्यायाधीश साहेब म्हणाले की तो मुद्दा आपल्यासमोर नाही. मागून एकच माणूस मोठ्याने हसला, आणि ज्याच्यासाठी मी माझी नोकरी आणि अब्रू पणाला लावून उभा होतो, तोच तो होता. साहेबांनी तुला समज दिली.

मग त्यांनी मला दोन्ही हात वर करायला सांगितले. दवाखान्याचा कागद बघितला, माझी बोटं मोजली, पुन्हा कागद बघितला. सावड म्हणजे काय हे मुंबईच्या वकिलाला कळेना, तो तिला कटकारस्थान म्हणत होता. साहेब बहुतेक शेतकऱ्याच्या घरातले असावेत. त्यांनी स्वतःच टायपिस्टला दोन ओळींत सांगितलं. मग तुला पिंजऱ्यात बोलावलं. वकिलाने तुला खाडीत उतरवायचा पुष्कळ प्रयत्न केला. तू चिंबोऱ्या धरतोस ना? धरतो. सुट्टीच्या दिवशी धरतोस ना? धरतो. चिंबोरी बोट पकडते ना? पकडते. तो विजयाने साहेबांकडे वळला, आणि तू मागून शांतपणे म्हणालास, "साहेब, चिंबोरी बोट धरते. चपटं करत न्हाय."

साहेबांनी एवढंच विचारलं की हात कोणाचा रूळ उचलत होता. तू सांगितलंस. हात ज्याचं काम करत होता त्यानेच भरपाई द्यायची, पटावर नाव कोणाचंही असो, असा निकाल काही महिन्यांनी लागला. ठेकेदार वर जाईन म्हणत राहिला, गेला नाही. सुमनवहिनींनी कांद्याचे वाफे सोडले आणि तू तो पिठाच्या गिरणीचा संसार थाटलास. तीन बोटांनी तू पीठ असं चोळून बघायचास की बायका पाच बोटवाल्याकडे जायच्या नाहीत.

माझं काम पुढच्याच सोमवारी गेलं. मी रिक्षा घेतली तेव्हा तू पैसे घेऊन आलास, मी घेतले नाहीत, तू दोन वर्षं भांडलास. शेवटी एक दिवस खोकं आणून ओटीवर ठेवलंस. आत कबड्डीचे बूट होते. गुण एक, चढाया अकरा, पण निदान पाय तरी घसरायला नको, असं तू शेवंतीसमोर म्हणालास. मी ते बूट घालून रिक्षा चालवली.

आणि तो वाद राहिलाच. मी म्हणायचो, त्या दिवशी मी असतो तर माझी गेली असती, तुझी वाचली असती. तू म्हणायचास की छे, तू डावरा, तू रुळाच्या दुसऱ्या अंगाला उभा राहिला असतास, कोणाचीच गेली नसती. मग म्हणायचास की किंवा डाव्या हाताची चारही गेली असती, मग माझे अर्ज कोणी लिहिले असते? दर वर्षी थंडीत मडक्यात वालाच्या शेंगा भरून पोपटी भाजायला लावली की मडकं उघडेपर्यंत हा वाद चालायचा. जिंकायची संधी तू गेल्यावर मला मिळाली आहे, पण समोर कोणी नसताना वाद घालणं म्हणजे रिकाम्या मैदानावर चढाई. तिथेही मला गुण मिळेल असं वाटत नाही. तुझी फार आठवण येते रे.

आता पहिली तारीख. मला ताप नव्हता. मी अलिबागला आलो होतो. तुझ्या आधीच्या एस्टीने आलो, आणि कोर्टासमोर रस्त्याच्या पलीकडे चहाच्या टपरीत आतल्या बाकावर बसलो. एक चहा पिऊन जायचं असं ठरवलं होतं, सहा प्यायलो. तू फाटकाशी उभा होतास. इस्त्रीचा शर्ट, दुखरा हात खिशात. कोणतीही रिक्षा थांबली की दोन पावलं पुढे यायचास, उतरणारा मी नाही बघून परत मागे. दुपारी पुकारा झाला. माझं नाव तीनदा घेतलं, टपरीपर्यंत ऐकू आलं. मी ग्लासात बघत राहिलो. तू एकदा मान उंच करून रस्त्याकडे पाहिलंस आणि आत गेलास. वकीलबाईंनी पुढची तारीख मागून घेतली, ती मिळाली हे तुझं नशीब, त्यात माझा हात नाही.

मी मधल्या वाटेने घरी पळालो. निरोप तापाचा होता, म्हणून शेवंतीलाही तापच सांगितला. उन्हातून आलेला, विहिरीवर डोकं भिजवलं, आणि केस पुसतोय तोवर तू फाटक उघडलंस. मी तसाच ओल्या डोक्याने घोंगडीखाली शिरलो. तू अलिबागहून माझ्या तापासाठी शहाळं आणलं होतंस, बगलेत धरून. मला वाटलं आता विचारशील. वकीलबाई काय म्हणाल्या ते सांगशील, निदान पुढची तारीख सांगशील. तू शहाळं खाली ठेवलंस, खाटेवर बसलास, आणि तो तीन बोटांचा हात माझ्या कपाळावर ठेवलास. बराच वेळ ठेवलास.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी न सांगता, मी वकीलबाईंच्या दारात उभा होतो, ते त्या हातामुळे.

माझं कपाळ विहिरीच्या पाण्याने गार पडलं होतं, हिराजी. तू शेवंतीकडे वळून म्हणालास, "ताप हाय अजून. याला दोन दीस कोनी काय इचारू नका."